पंधरा दिवसांची जेवणाची सुट्टी

"जेवायलाच चाललेय मी. जे आहे तेच लिहिलंय."

"अहो बाई, जेवणाची सुट्टी अर्धा तास असते. तुम्ही पंधरा दिवसांची मागताय."

"एकोणीस वर्षांची साठलीय. पंधरा दिवसांत उरकते म्हणतेय, हे उपकारच समजा."

रुग्णालयाच्या कचेरीत रजेचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला, अर्ज नाकाजवळ नेला आणि पुन्हा एकदा वाचला. अर्जावर रजेच्या कारणांची छापील यादी होती. आजारपण, बाळंतपण, लग्नकार्य, मयत, इतर. बाईनं 'इतर'वर खूण केली होती आणि पुढच्या ठिपक्यांवर ठसठशीत अक्षरात 'जेवायला जाणे' असं लिहिलं होतं. ठिपके संपले म्हणून खालच्या मोकळ्या जागेत 'मधुचंद्र' असंही लिहून टाकलं होतं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज शेजारच्या टेबलाला दाखवला, शेजारच्यानं पलीकडच्याला दाखवला, आणि खोलीभर खसखस पिकली. मग त्यालाच वाईट वाटलं. त्यानं हळू आवाजात समजावलं की सगळे 'घरगुती अडचण' लिहितात, साहेब ते वाचतसुद्धा नाहीत, डोळे झाकून सही करतात. असलं काही लिहिलं तर वाचतील, आणि वाचलं की अडवतील.

"अडचण नाही ना पण. असती तर लिहिली असती," बाई म्हणाली.

कारकुनानं हात टेकले. चार वाजता साहेबांसमोर उभं राहा म्हणाला आणि अर्ज फाइलीत सरकवला. खोलीतून ती बाहेर पडली तेव्हा मागं कुणीतरी म्हणालं, "अळणीचं लग्न म्हणजे मीठ कोण घालणार?" तिनं ऐकलं. दारातून वळून सांगितलं, "तुझ्या अंगात जास्त झालंय, तूच दे थोडं." आणि चालायला लागली.

रुग्णालयात तिला अळणी म्हणत. तोंडावर अळणीताई, पाठीमागं नुसतंच अळणी. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, पण त्या नावानं हाक मारली असती तर तिनंच मागं वळून दुसरं कुणी आहे का बघितलं असतं. इमारतीच्या मागच्या अंगाला, कपडे धुवायची खोली आणि बॉयलर यांच्या मधोमध लांबट स्वयंपाकघर होतं. तिथं तीन मोठ्या शेगड्या. प्रत्येक ताटाला रंगीत चिठ्ठी. पिवळी म्हणजे साखर नको, पांढरी म्हणजे गाळून द्या आणि निळी म्हणजे मीठ नको. निळी शेगडी तिची. बिनमिठाचा भात, बिनमिठाची डाळ, उकडून काढलेला भोपळा. रोजची शंभर-सव्वाशे ताटं, दोन वेळा, आणि सकाळचं दूध-लापशी वेगळी.

निळ्या चिठ्ठीचा पेशंट पहिल्या दिवशी तोंड पाडतो, दुसऱ्या दिवशी शिव्या देतो आणि तिसऱ्या दिवशी उशीखाली मिठाची पुडी लपवतो. शिव्या खाऊन तिचे कान निबर झालेले. एकदा एका निवृत्त फौजदारानं डाळीची वाटी भिंतीवर फेकून मारली. नर्स घाबरून खाली आली. ही एप्रनला हात पुसत वर गेली, भिंतीकडं बघितलं, फौजदाराकडं बघितलं आणि म्हणाली, "भिंतीला आवडलेली दिसतीय. तुमच्यासाठी दुसरी आणू का?" फौजदार दुसरी वाटी गुपचूप प्यायला. घरी जाताना तिला भेटूनही गेला, फक्त पुन्हा कधी भेटायला लागू नये एवढं म्हणाला.

अठ्ठावीसची असताना ती या नोकरीला लागली. आई अंथरुणाला खिळलेली, भावाचा संसार नुकता उभा राहत होता. स्थळं यायची तेव्हा आईचं करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि आई गेली तोवर स्थळांनी घराचा रस्ता सोडलेला. त्याचं तिनं कधी रडगाणं गायलं नाही. रडगाणं एकाच गोष्टीचं होतं आणि तेही तिचं तिलाच. वॉर्डातली ताटं परत आली, धुऊन झाली की अडीचच्या सुमाराला नोकरमाणसांचं जेवण. तोवर सगळं गार. अर्धा तास सुट्टी कागदावर, कारण पाच मिनिटांत वरून फोन यायचा, अमक्या खाटेला एक निळं वाढवा. म्हणून ती ओट्याला टेकून उभ्या उभ्याच खायची. घरी गेल्यावर संध्याकाळच्या स्वयंपाकालाही तीच. "तुझा हात बसलाय," असं दादा, म्हणजे तिचा भाऊ, म्हणायचा, आणि हात बसला म्हणून बाई उभी ती उभीच. बसून खाल्लंय, गरम खाल्लंय आणि दुसऱ्या कुणीतरी आणून पुढ्यात ठेवलंय, या तीन गोष्टी एकाच जेवणात जमून आलेल्या तिला आठवत नव्हत्या.

आता कवळीवाला. तो दातांनी भेटला, पण स्वतःच्या नाही. म्हाताऱ्या पेशंटांना जेवताना कवळी काढून ठेवायची खोड असते. कागदी रुमालात गुंडाळतात, ताटात ठेवतात, विसरतात. ताट खाली येतं, रुमाल खरकट्याच्या पिंपात जातो आणि वर कुणाची तरी आजी बोळक्या तोंडानं हंबरडा फोडते. अळणीनं अशा बावीस-तेवीस कवळ्या पिंपातून उपसून काढल्या असतील. काही तुटलेल्या असत. त्या जोडायला रुग्णालयानं बाहेरचा माणूस ठरवला होता. पन्नाशी ओलांडलेला, शांत, पांढऱ्या भुकटीनं भुवया माखलेला. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. जगाला दात पुरवून हा एकटा खानावळीत जेवायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं कवळी उजेडात धरली आणि विचारलं, "धुतलीय का?"

"धुतलीय. बिनमिठाच्या पाण्यात," ती म्हणाली.

तो हसला. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते, आणि ते बघून तिला का कोण जाणे बरं वाटलं. मग कवळी तुटलेली नसली तरी तो यायला लागला. एक दिवस त्यानं सरळ विचारलं, तिनं सरळ हो म्हटलं. दोघांनाही आडवळण घ्यायला वेळ नव्हता. लग्न सही करून, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, एवढं ठरलं.

"मग कुठंतरी जाऊया का?" त्यानं विचारलं. हनिमून हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. भुवयांवरची भुकटी झटकत बसला.

"जाऊया. पण डोंगर, धबधबे, देवळं काही दाखवायचं नाही मला. खायला नेणार असाल तर येते," ती म्हणाली.

तिनं निवडलेला देश दूर पूर्वेला होता, आशियाच्या नकाशावर समुद्राला चिकटून खाली लोंबणारा. टीव्हीवर तिनं तो बघितलेला. पहाटे फुटपाथवर बुटकी स्टुलं मांडतात, एकच म्हातारी मोठ्या पातेल्यातून वाफाळता रस्सा वाटीत ओतते, वर शेवया, पाला, लिंबू, मिरची, आणि लोक कामावर जाण्याआधी बसून, गरम, आयतं खातात. आयतं. त्या शब्दावर ती चार दिवस खिळून बसली होती. देशाचं नाव तिच्या घरात कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून सगळे त्याला 'तिकडं' म्हणायला लागले.

बेत ठरायचा कवळीवाल्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळे दात विचकून बघत बसलेले. त्यांच्यासमोर हे दोघं वही उघडून खाण्याचं बोलायचे. तिनं पहिल्याच दिवशी पंधरा दिवसांचा तक्ता आखून आणला. कवळीवाल्यानं तो वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू की रडू ते कळेना. सकाळी सात, नाश्ता, प्रत्येकी साठ ग्रॅम. दहा वाजता पातळ पदार्थ. साडेअकराला जेवण. संध्याकाळचं सहा वाजता. आणि नवव्या दिवसापुढं लिहिलं होतं, 'हलका आहार'.

"नवव्या दिवशी आपल्याला काय झालेलं असणार आहे?" त्यानं विचारलं.

तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं हनिमूनचा आहारतक्ता केला होता. पोट धरून हसली आणि पान फाडून टाकलं. दुसऱ्या पानावर त्यानं रकाने आखले, पण तेही त्याच्या धंद्याचे. चावायला सोपं, चावायला अवघड, दातात अडकणारं. वाळवून भाजलेला एक समुद्रातला प्राणी होता, तो चघळायला म्हणे अर्धा तास लागतो. कवळीवाल्याला तो काहीही झालं तरी खायचाच होता. "लोकांना सांगतो, हे खाऊ नका, ते खाऊ नका, कवळी तुटेल. स्वतःचे आहेत तोवर तरी वापरू द्या," म्हणाला. तिला ते फळ बघायचं होतं ज्याच्या वासामुळं हॉटेलवाले आत घेत नाहीत. शिवाय माशांपासून मीठ घालून मुरवलेला तो रस, जो तिकडं थेंब थेंब सगळ्यावर घालतात. मीठ म्हटलं की तिचे डोळे चमकायचे. कुठं सकाळी जायचं, कुठं दुपारी, बाजारातला कुठला कोपरा, नदीवरच्या होडीत विकायला बसणाऱ्या बायका. एका शहरात तर सहा ठिकाणी फक्त रस्साच प्यायचा ठरला, कुणाचा चांगला ते बघायला. तिकडच्या भाषेतली एकच ओळ तिनं फोनवर ऐकून ऐकून पाठ केली. 'तिखट चालेल, आणखी घाला.' भोपळा चिरताना ती म्हणत राहायची.

विमानाची तिकिटं निघाली आणि बातमी घरी कळली.

वहिनीला पहिल्यांदा हसू आलं आणि मग लागलं. "वन्सं, घरात काय उपाशी ठेवलं होतं का तुम्हाला? लोक काय म्हणतील, नणंद खायला परदेशात गेली. आमच्या घरात पोटभर मिळत नव्हतं असं वाटेल ना." अळणीनं समजावून बघितलं की पोटाचा प्रश्न नाही, बसण्याचा आहे. वहिनीला ते पटलं नाही. पण रात्रीची भांडी आवरताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडं बायका दुकानात एकट्या बसून जेवतात का. हो म्हटल्यावर वहिनी बराच वेळ एकच ताट पुसत राहिली.

दादाचं दुखणं वेगळं. सत्तेचाळीसाव्या वर्षी बहीण लग्न करतेय हेच त्यानं कसंबसं गिळलं होतं, त्यात हनिमून, त्यातही खायला. चारचौघांत सांगायचं काय? म्हणून त्यानं आपल्या परीनं सन्मानाची वाट काढली. रविवारी सकाळी सहलवाल्याला घरी घेऊन आला. हा माणूस गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना गटागटानं परदेश दाखवून आणायचा, आणि त्याची ख्याती अशी की बाहेर कुठंही नेलं तरी ताटात घरचंच जेवण. स्वयंपाकी बरोबर, डबे बरोबर, मसाले बरोबर. समोरचे चार दात त्याचे कवळीवाल्यानं बसवलेले, त्यामुळं त्याचं हसू ऐटबाज होतं. कवळीवाल्यालाही दादानं बोलावून घेतलं होतं.

सहलवाल्यानं हसत हसत सांगितलं. त्याचा गट तिकडंच निघाला होता, आणि नेमक्या त्याच तारखांना. बासष्ट माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. निम्म्यांना रक्तदाब. मीठ चालत नाही, तेल चालत नाही. त्याचा स्वयंपाकी ऐन वेळी फिरलेला. आणि दादाकडून कळलं की ताई एकोणीस वर्षं नेमकं हेच करताहेत. दोघांची राहण्याची सोय त्याच्याकडून, गाडी त्याची, वाटाड्या त्याचा. ताईंनी फक्त दोन वेळचं बघायचं.

"अशी बाई शोधून मिळायची नाही," तो म्हणाला. दादाची छाती फुगली. वहिनीसुद्धा, खरं सांगायचं तर, खूश झाली. परदेशात नणंदेला बोलावणं, तेही कामाचं माणूस म्हणून. आता लोकांना सांगता येईल असं काहीतरी झालं. कवळीवालाही मान हलवत होता. त्याला ते कौतुक वाटलं.

अळणीनं विचारलं, शेगडी कुठं असणार. सहलवाला म्हणाला, हॉटेलच्या मागच्या बाजूला, त्यांच्याशी बोलणं झालंय, मागच्या दारानं जायचं-यायचं. तिनं विचारलं, माणसं कधी जेवणार. एकला आणि आठला. आणि बाहेरचं, बाजारातलं? छे, म्हणाला, आपला गट बाहेरचं तोंडात घालत नाही, तीच तर आपली खासियत.

"आणि मी कधी जेवायचं?"

"तुम्ही काय, सगळ्यांचं झालं की निवांत," सहलवाला म्हणाला.

अळणी उठली. पुढ्यातला चहाचा कप उचलून सहलवाल्याच्या हातात दिला, म्हणजे तो लवकर संपवून निघेल.

"सगळ्यांचं झालं की. हेच ऐकतेय मी, वरच्या वॉर्डात, खालच्या वॉर्डात, या घरात. आता विमानात बसून समुद्र ओलांडून तेच ऐकायला जाऊ? मी चाललेय ती पहिल्या पंगतीला. माझं झालं की मग सगळे."

दादानं डोळे वटारले. पाहुण्यासमोर असं बोलतात का, कोण मान देतोय ते तरी बघ, वगैरे वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि मग कवळीवाल्याकडं वळली. तो मान खाली घालून बसला होता. अधूनमधून सहलवाल्याच्या दातांकडं बघत होता, जणू तिथं काही सैल झालंय की काय.

"तुम्हाला यांच्याबरोबर जायचं तर जा," ती त्याला म्हणाली. "भांडी घासायला माणूस लागेलच. मी एकटीच जाते हनिमूनला."

वहिनीचा हात तोंडावर गेला. एकटीनं हनिमून, हे वाक्य त्या संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं होतं, आणि लोकांनी त्यावर जे जोडायचं ते जोडलं. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ते तिला फारसं लागलं नाही, दादा असा अबोला वर्षातून चारदा धरायचा. लागलं ते वेगळंच. कवळीवाला सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी तर वॉर्डातून एक तुटकी कवळीसुद्धा खाली आली होती, आणि ती तिनं डब्यात घालून फडताळात ठेवली होती.

त्या दोन दिवसांत तिनं वही दोनदा उघडली. नदीवरच्या होडीत एकटीनं बसलं तर कसं दिसेल, याचा विचार केला. वाईट दिसणार नाही, असं वाटलं. सहा ठिकाणचा रस्सा एकटीला संपणार नाही, चार ठिकाणी जाऊ, असंही ठरवून टाकलं. तिकीट तिच्या नावाचं होतं, पासपोर्ट तिचा होता, जीभ तिची होती. तर बुधवारी सकाळी ताटं वर गेल्या गेल्या तिनं कचेरीतून अर्ज आणला, भरला आणि कारकुनापुढं टाकला. नवरा बरोबर असेल की नाही हे माहीत नसताना तिनं मधुचंद्र लिहिलं. कचेरीतल्या लोकांना हसायला खरंतर हे जास्त बरं पडलं असतं, पण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बरोबर अडीचला, ती ओट्याशी घास उचलत असताना, मागच्या दारात कवळीवाला उभा राहिला. भुवया धुतलेल्या होत्या. म्हणजे घरून सरळ आला होता.

"त्याला नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "दोन दिवस लागले, कारण तो बाहेरगावी होता आणि हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मग दात मी दुसरीकडं बघतो. म्हटलं, बघा. बसवलेले चार तेवढे राहू द्या, ते मी मन लावून केलेत."

तिनं घास ताटात परत ठेवला. हसायचं तिनं मुद्दाम टाळलं. "आणि मान कशाला हलवत होता तिथं?"

तो खरं बोलायचा माणूस होता. म्हणाला, त्याला वाटलं तिचं कौतुक होतंय. बासष्ट माणसांना तिचीच गरज, परदेशात तिचं नाव. त्याला बरं वाटलं.

"माझं कौतुक नेहमी शेगडीशेजारीच का होतं?" तिनं विचारलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. सारवासारव केली नाही, आणि तेच तिला आवडलं. मग म्हणाला, एकटीनं हनिमूनला जायची भाषा पुन्हा करू नका, मी काय इथं बसून जबडे मोजू. ती म्हणाली, बघू. वरून फोन वाजला. एक निळं वाढवायचं होतं. तिनं त्याला फडताळातली कवळी दिली आणि पिटाळलं.

चार वाजता साहेबांची खोली. पंखा वरून गरगरत होता, फाइलींवर काचेची वजनं. साहेब स्वतः दोन वर्षांमागं निळ्या चिठ्ठीवर आठ दिवस वरच्या मजल्यावर होते, त्यामुळं तिला ओळखत होते आणि थोडे बिचकूनही होते. अर्ज समोर होता आणि त्यांनी तो वाचला होता. कारकून बरोबर बोलला होता.

साहेबांनी गोडीनं सुरुवात केली. तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही, तुम्ही दोन दिवस नसलात की वॉर्डातून तक्रारी येतात, स्वयंपाकघर तुमच्यावर उभं आहे. तिनं सगळं ऐकलं. कौतुकाचा तिला आता वास यायला लागला होता.

"साहेब, मी मेले असते तर पेशंट उपाशी ठेवले असतेत का?"

साहेब चपापले. तसं नाही हो, म्हणाले. मयतीचं असतं तर रजा नियमात बसते. आजारपण असतं तर बसते.

"म्हणजे कुणी मेलं की रजा आहे, कुणी पडलं की रजा आहे. मी धडधाकट आहे आणि जेवायला चाललेय, म्हणून नाही."

तिनं मग सांगितलं की निळ्या शेगडीवरच्या दोघी बाया तिनं आपल्या हातानं तयार केल्यात. मीठ न घालायला शिकायला किती लागतं? काहीच घालायचं नसतं, फक्त हात आवरायचा असतो. तो त्यांना आवरता येतो. साहेबांना हसू आलं, ते त्यांनी फाइलीमागं लपवलं. म्हणाले, दहा दिवस देतो. पंधरा कुणालाच देत नाही, तुम्हाला दिले तर उद्या सगळं खातं दारात उभं राहील. आणि तो 'जेवायला जाणे' शब्द तेवढा बदला, वर फाइल जाते, चांगलं दिसत नाही. 'खासगी कारण' लिहा. त्यांनी स्वतःच पेन उचललं, शब्दावर रेघ ओढायला.

तिनं अर्जावर हात ठेवला. पंजा पसरून, जसा गरम झाकणावर फडकं धरून ठेवतात तसा.

"ते खोडायचं नाही."

अख्ख्या रुग्णालयात साहेबांच्या पेनाखाली आजवर कुणी हात घातला नव्हता.

"दहा दिवसांची सही करा," ती म्हणाली. "पुढचे पाच बिनपगारी लावा. बिनपगारीही नसतील तर गैरहजर लावा. आले की जे असेल ते पत्र द्या, मी घेईन. पण कारण तेच राहील. मी चोरून जेवायला जात नाही."

साहेबांनी पेन हातात फिरवलं, टोपण लावलं, परत काढलं. बाहेर कुणीतरी दार ढकललं आणि बाईंना बघून बंद केलं. शेवटी त्यांनी हाताच्या बाजूनं, जेवढी जागा उरली होती तिथं, 'दहा दिवस मंजूर' लिहिलं आणि सही ठोकली. उरलेल्या पाच दिवसांपुढं काहीच लिहिलं नाही. ना हो, ना नाही. अर्ज तिच्याकडं सरकवताना पुटपुटले, तिकडं जाऊन आजारी पडू नका म्हणजे झालं. पडले तर निळी चिठ्ठी लावा, ती म्हणाली.

कचेरीतून जाताना तिनं अर्ज कारकुनाच्या टेबलावर ठेवला. सगळ्यांनी माना वर केल्या. मोकळे पाच दिवस कारकुनानंच पहिल्यांदा बघितले आणि म्हणाला, "बाई, याचं काय लावू मी?"

"जे खरं असेल ते लावा. मी तिकडं असेन."

घड्याळात पाचला वीस कमी होते. संध्याकाळची ताटं सव्वापाचला वर जायला लागत. स्वयंपाकघरात दोघी बायांनी भात चढवला होता, पण भोपळा अजून कच्चा आणि शेजारच्या शेगडीवरचं पांढऱ्या चिठ्ठीचं सूपही गाळायचं राहिलेलं. आत शिरल्या शिरल्या दोघींनी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं दहा बोटं दाखवली आणि मग आणखी पाच. दोघींपैकी मोठीनं ओठ चावला, धाकटीनं विचारलं की पाच कशाचे. तिनं सांगितलं, "माझे."

मग एप्रन बांधला, हात धुतले. शेगडीची ज्योत कमी करून भोपळ्याचं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली तसं तोंड फिरवलं. आज ताटं किती, तिनं विचारलं. एकशे सोळा, त्यातली चार नवी, चौथ्या वॉर्डातली. ट्रॉली दाराशी ओढा म्हणाली आणि मोठी चाळण पातेल्यावर ठेवून सूप ओतायला लागली.